उजेडासाठी घालवलेलं वजन

पहाटे साडेपाच

रंगीत खडा उन्हात बघायचा नसतो. उन्हात काचसुद्धा चमकते. खड्याचा खरा रंग आणि त्यावर झालेलं काम दिसायला सावलीतला, सगळीकडून सारखा येणारा उजेड लागतो. तसा उजेड दिवसातून मोजकेच तास मिळतो, म्हणून मी लवकर उठतो.

युरोपात छापलेल्या पुस्तकांत सरसकट लिहिलेलं असतं की उत्तरेच्या खिडकीशी बसा. लंडनला ते बरोबरच आहे. बंगळूर मात्र १३ अंश अक्षांशावर आहे. एप्रिलच्या शेवटापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य आमच्या माथ्याच्या उत्तरेला असतो, आणि तेवढे महिने उत्तरेच्या खिडकीतून ऊन आत येतं. म्हणून माझ्या टेबलाला खोलीत दोन जागा आहेत. सध्या कार्तिक आहे, टेबल उत्तरेला आहे.

घर मल्लेश्वरममध्ये, मार्गोसा रस्त्याला फुटणाऱ्या एका क्रॉसवर. वडील बेळगावचे, सोनारकाम करायचे, कोंदणात त्यांचा हात बसलेला होता. मी सोनं सोडून खड्याकडे वळलो. घराच्या मागच्या खोलीत पैलू पाडायचं यंत्र, चकत्यांची मांडणी, कॅरेटचा काटा आणि एक लोखंडी कपाट आहे. एवढाच माझा कारखाना. बाहेर पाटी नाही.

सात

काडु मल्लेश्वराला जाऊन येतो. १८९८ च्या प्लेगनंतर इथे नवी वस्ती बसली, ती याच देवळाच्या नावानं. देऊळ त्याच्या कितीतरी आधीचं. एकोजीराजांनी १६६९ मध्ये मेदरनिंगनहळ्ळी हे गाव या देवाला इनाम दिल्याचा शिलालेख आहे. बंगळूर तेव्हा भोसल्यांच्या जहागिरीत होतं. पुढे १६८७ मध्ये ते तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांकडे गेलं. इथल्या मराठी माणसाला आपण परगावी राहतो असं फारसं वाटत नाही, त्याला हा दगडही थोडा कारण आहे.

येताना आठव्या क्रॉसवरून फुलं घेतो. फुलवाल्यांची गर्दी वाढायच्या आत घरी आलेलं बरं.

आठ

आज चकतीवर चढणारा खडा श्रीलंकेचा नीलम आहे. कच्चा, साडेपाच कॅरेटचा. कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम; तेव्हा सगळा ऐवज एक ग्रॅमहून थोडाच जास्त. नदीच्या गाळात लोळून लोळून त्याच्या कडा गेल्यात आणि कातडी धुकट झाली आहे.

पहिला दीड तास मी यंत्राला हात लावत नाही. पांढऱ्या बशीत पाणी घेतो आणि त्यात खडा ठेवून चिमट्यानं फिरवत राहतो. पाण्यात बुडाला की वरचा धुकटपणा दिसेनासा होतो आणि आतला रंग कुठे आहे ते कळतं. या खड्याचं बहुतेक अंग जवळजवळ पाण्याच्या रंगाचं आहे. एका बाजूला तेवढा निळ्याचा एक थर आहे.

नवख्याला वाटतं की तो थर वर, नजरेसमोर यावा. तो खाली, अगदी टोकाशी न्यायचा असतो. वरून शिरलेला उजेड खालच्या पैलूंवर आपटून परत फिरतो, आणि येताजाता त्या थरातून जातो. मग वरून बघणाऱ्याला अख्खा खडा निळा दिसतो. बाजूनं आडवा धरला तर तोच खडा वर पांढरा, बुडाशी निळा. श्रीलंकेचे कारागीर हे पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत, आणि माझ्या मते रंगीत खड्यांच्या कामातली ही सगळ्यात शहाणी युक्ती आहे. यात फसवणूक काही नाही. अंगठीतला खडा वरूनच बघतात.

दुसरा प्रश्न दिशेचा. नीलम दोन दिशांनी दोन निळे दाखवतो. स्फटिकाच्या उभ्या अक्षातून पाहिलं तर जांभळ्याकडे झुकणारा दाट निळा, आणि आडव्या बाजूनं पाहिलं तर त्यात हिरवट छटा येते. म्हणजे वरचा सपाट पैलू, ज्याला आम्ही टेबल म्हणतो, तो उभ्या अक्षाला काटकोनात यायला हवा. अडचण अशी की नीलमाचा स्फटिक पुष्कळदा त्याच अक्षाच्या दिशेनं लांब वाढतो. त्याला उभा कापला तर रंग सुरेख, पण तोंड लहान. आडवा कापला तर मोठा लांबट खडा निघतो, वजनही राहतं, पण हिरवट छटा कायमची पदरात पडते.

माझा आजचा खडा या दोन टोकांच्या मध्ये आहे. नदीनं त्याची टोकं घासून टाकली आहेत, अक्ष थोडा तिरका पडला आहे. टेबल तिकडे कलवलं तर एका खांद्याकडचा भाग जाईल. मी कलवणार आहे.

आणि घाट ओव्हलच होणार आहे. ओव्हल हा रंगीत खड्याचा स्वाभाविक घाट आहे, असं मी मानतो. हिऱ्यात गोल ब्रिलियंटचं राज्य आहे. आजचा ओव्हल ब्रिलियंट हिऱ्यात लझार कॅप्लान यांनी १९५७ च्या सुमारास आणला. रंगीत खड्यांना तेवढी वाट बघावी लागली नाही. नदीतून मिळणारे नीलम आणि माणकं गोल क्वचितच असतात. लांबट दगडातून गोल खडा काढायचा तर दोन्ही टोकं चकतीवर घासून पाण्यात सोडायची. लंबगोल मात्र त्या दगडाच्या अंगातच असतो. म्हैसूरकडच्या अपारदर्शक तारा-माणकांनाही, ज्यांवर पैलू न पाडता नुसता घुमट करतात, बहुतेक लंबगोलच बसवतात. शिवाय ओव्हलला टोकदार कोपरे नसतात. मार्क्वीज किंवा थेंबाच्या घाटाचं टोक टपकन उडतं, ओव्हल आयुष्यभर बोटात टिकतो.

हा घाट डोळ्याला सोपा वाटतो. पैलू पाडणाऱ्याला तो गोलापेक्षा पुष्कळ अवघड आहे. तेच आज शिकवायचं आहे.

साडेनऊ

निपाणीची एक मुलगी माझ्याकडे शिकायला येते. इंजिनिअरिंगची पदवी आहे, त्यामुळे गणिताला घाबरत नाही. तिच्यासाठी ॲमेथिस्टचा खडा काढून ठेवला आहे, ८ बाय ६ मिलिमीटरचा ओव्हल करायचा.

“काका, पुस्तकात क्वार्ट्झला खालच्या पैलूंचा कोन ४३ अंश दिलाय. मग सगळीकडे ४३च ठेवू ना?”

“ठेव. आणि सगळे पैलू खाली एकाच टोकाला मिळव.”

तिनं कागदावर आकृती काढली आणि थांबली. गोल खड्यात केंद्रापासून काठ सगळीकडे सारखा लांब असतो, म्हणून एकच कोन सगळीकडे चालतो. ओव्हलमध्ये रुंदीकडचा काठ केंद्रापासून ३ मिलिमीटर, लांबीकडचा ४. खालचं टोक एकच, काठाची पातळीही एकच. तेव्हा रुंदीकडे ४३ अंश धरले तर लांबीच्या टोकांकडे उतार आपोआप कमी होतो. तिनं हिशेब केला: ३५ अंश.

ॲमेथिस्ट म्हणजे क्वार्ट्झ. त्याचा वक्रीभवनांक सुमारे १.५४५, आणि त्यावरून निघणारा क्रांतिक कोन साधारण साडेचाळीस अंश. वरून सरळ आलेला किरण त्यापेक्षा कमी उताराच्या पैलूवर पडला तर तो परत फिरत नाही, खालून निसटतो. म्हणजे ३५ अंशांच्या त्या दोन टोकांतून खालचं बोट दिसणार. याला धंद्यात खिडकी म्हणतात.

“मग टोकांकडे ४२ ठेवते.”

“ठेव. रुंदीकडे किती होतात बघ.”

पन्नास झाले. मधले पैलू असे उभे झाले की दुसरा रोग येतो. खड्याच्या मधोमध, रुंदीच्या दिशेनं, दोन्हीकडे पसरत जाणारा काळा पट्टा. इंग्रजीत त्याला बो-टाय म्हणतात, आमच्याकडेही तेच नाव चालतं. त्या पैलूंमधून परत येतो तो मुख्यतः बघणाऱ्याच्या डोक्यानं अडवलेला अंधार. थोडा पट्टा बहुतेक प्रत्येक ओव्हलमध्ये असतो, आणि थोडा असेल तर तो खड्याला खोली देतो. खडा हलवल्यावरही जागचा न हलणारा पट्टा मात्र कारागिराचं अपयश आहे.

यावर उपाय काय, हे तिला मी सांगितलं नाही. चहा पिऊन ती पुन्हा कागदाशी बसली आणि अर्ध्या तासानं स्वतःच म्हणाली, “खाली टोक करायचंच नाही. छोटी धार ठेवायची, होडीच्या बुडाला असते तशी.” बरोबर. ८ वजा ६, म्हणजे २ मिलिमीटरची धार लांबीच्या दिशेनं ठेवली की धारेच्या टोकापासून काठाचं अंतर सगळीकडे ३ होतं आणि कोन सारखे बसतात. प्रत्यक्षात एवढी लांब धार बरी दिसत नाही, म्हणून तिच्यात आणि टोकात कुठेतरी मध्य काढायचा. तो मध्य कुठे, हे खड्याच्या रंगावर ठरतं. फिका असेल तर थोडी खोली जास्त, दाट असेल तर कमी. पुस्तक इथपर्यंत आणून सोडतं.

साडेदहा

नीलम काडीवर चढवला. पितळेच्या काडीला खडा चिकटवायची जुनी पद्धत लाखेच्या मेणाची, स्पिरिटच्या दिव्यावर गरम करून. ज्या खड्यात चीर किंवा द्रवाचा बुडबुडा असेल त्याला ती ऊब सोसत नाही. या नीलमात पंखासारखी एक बारीक चीर दिसते, म्हणून गोंद वापरला. काम झालं की ॲसिटोननं सुटतो.

आता घाट. गोल खडा करायला काडी नुसती फिरवत राहिलं तरी चालतं. लंबगोल तसा निघत नाही. यंत्रावर ९६ दात्यांचं चक्र आहे. ठरलेल्या दात्यांवर ठरलेल्या कोनांत मी आधी तात्पुरते उतार पाडतो, आणि ते सगळे मधल्या एकाच बिंदूला मिळवतो. लांबीकडचे उतार कमी, रुंदीकडचे जास्त. मग काडी ९० अंशांवर आडवी करून काठ घासत जायचं, प्रत्येक उताराची खालची कडा एका पातळीत येईपर्यंत. सगळ्या कडा पातळीत आल्या की काठाचा लंबगोल आपोआप उमटलेला असतो. डोळ्याचा अंदाज लागत नाही, व्हर्नियरही शेवटी फक्त खात्रीसाठी. ही रीत ज्यानं शोधली त्याच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

जुने कारागीर हे सगळं यंत्राच्या अंशांशिवाय करायचे. बाजूला भोकं पाडलेली लाकडी पाटी, काडीचं मागचं टोक कुठल्या भोकात घालायचं त्यावर कोन. हात असा बसलेला की दोन टोकं तंतोतंत जुळायची. त्या हातांनी केलेले काही ओव्हल माझ्याकडे दुरुस्तीला येतात आणि मी त्यांचे सगळे पैलू कधीच बदलत नाही.

साडेअकरा

खालचे पैलू. ६०० नंबरची चकती, मग १२००, मग ३०००. पाण्याची धार सतत चालू. या तासाला मी बोलत नाही, आणि मुलीलाही ते माहीत आहे. दोन घासण्यांच्या मध्ये भिंगातून बघायचं, परत एक-दोन फेऱ्या, परत बघायचं. तीन पैलूंची टोकं एका बिंदूत मिळाली पाहिजेत.

नीलमाचा एक स्वभाव आहे: त्याचा कठीणपणा सगळ्या दिशांना सारखा नसतो. एक पैलू क्षणात उतरतो, शेजारचा हटून बसतो. दाब वाढवला तर उतरलेला पैलू पुढे निघून जातो आणि मिळालेलं टोक मोडतं. अशा वेळी चकतीवर घासायची दिशा बदलायची आणि धीर धरायचा. नीलमाचा वक्रीभवनांक १.७६ ते १.७७ असल्यामुळे त्याचा क्रांतिक कोन साडेचौतीसच्या आसपास आहे. ॲमेथिस्टच्या मानानं तो पुष्कळ चुका पोटात घालतो. पण म्हणूनच बाजारात नीलमाचे निष्काळजी ओव्हल जास्त दिसतात.

एक

जेवायच्या आधी चकतीखालचा गाळ काढतो. तो कधीही वाळू द्यायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसायचा आणि झाकणाच्या डब्यात टाकायचा. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी पैलूंच्या आधी हे शिकवतो. क्वार्ट्झची कोरडी धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. गुजरातेत खंभातला पिढ्यान्‌पिढ्या अकीक घासला गेला, जगभर त्याचे मणी गेले, आणि घासणारे सिलिकोसिसनं गेले. ज्या कारखान्यात कोरडं घासतात तिथला स्वस्त खडा कोणी घेऊ नये.

मग वरण-भात, अंबाडीची भाजी. बायको विचारते, “अहो, आज चिकपेटला जाताय ना? मग येताना पीठ आणाल?” हो म्हणतो.

दोन

नीलम ज्याचा आहे तो व्यापारी आला. चांगला माणूस, जुनी ओळख. भिंगातून बघितलं, रंग आवडला, आणि मग अपेक्षित प्रश्न आला: दोन कॅरेटच्या वर राहील ना?

नाही राहणार. दीड कॅरेटच्या थोडं वर निघेल, मी सांगितलं.

त्याचं म्हणणं त्याच्या जागी खरं आहे. दोन कॅरेट ओलांडले की दर कॅरेटला भाव चढतो. शिवाय त्याची बरीच गिऱ्हाइकं शनीसाठी नीलम घेतात, त्यांना जोतिषानं सांगितलेलं वजन हवं असतं, इतक्या रत्तींच्या खाली नको. त्यांच्या श्रद्धेशी माझं काही भांडण नाही. पण ते वजन खड्यात कुठे असतं ते त्यांना कोणी दाखवत नाही.

मी कागदावर मांडून दाखवलं. ८ बाय ६ चं तोंड, ४ मिलिमीटर खोली, तर नीलम सुमारे १.५७ कॅरेटचा होतो. तेच तोंड ठेवून दोन कॅरेट करायचे असतील तर खोली ५.१ मिलिमीटर करावी लागते. म्हणजे जास्तीचा सगळा माल खाली पोटात. अंगठीत तो दिसत नाही. वरून खडा तेवढाच दिसतो, उलट मधोमध काळवंडतो, कारण पोट फुगलं की उजेड परत यायची वाट चुकतो. घेणारा मात्र त्या न दिसणाऱ्या मालाचे पैसे कॅरेटच्या भावानं मोजतो.

मग मी त्याला कोहिनूरची आठवण करून दिली. कोहिनूर ओव्हल आहे हे पुष्कळांना माहीत नसतं. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात तो मांडला तेव्हा बघायला झुंबड उडाली आणि लोक हिरमुसले होऊन परतले. हिरा मोठा होता, पण चमकत नव्हता. १८५२ मध्ये हॉलंडहून कारागीर आणून तो नव्यानं पाडला, ३८ दिवस काम चाललं. चाळीस टक्क्यांहून जास्त वजन गेलं आणि १०५.६ कॅरेटचा लंबगोल उरला. प्रिन्स अल्बर्ट वजन गेल्यानं नाराज झाले होते. आपल्याकडे जुन्या रत्नपारख्यांची दृष्टी वेगळी होती, दगडाचा आकार आणि मोठेपण राखण्याची, आणि त्या दृष्टीचा मी मान ठेवतो. दिव्यांच्या आणि मशालींच्या उजेडात पगडीवर मिरवायच्या रत्नाला ती शोभत होती. पण आज आपण खडा घेतो तो बोटात घालून रोज बघायला. त्यात उजेड नसेल तर काय घेतलं?

व्यापारी थोडा वेळ गप्प बसला. शेवटी म्हणाला, तुमच्या पद्धतीनं करा, पण फार हलका करू नका. यापेक्षा जास्त मला नको असतं. खडा फिका आहे, त्यामुळे मी तसाही खोली चारच्या किंचित वर ठेवणार होतो. रंगासाठी ठेवलेली खोली वेगळी, काट्यासाठी ठेवलेलं पोट वेगळं.

साडेतीन

संपिगे रस्त्याच्या मेट्रोनं चिकपेट दुसरंच स्थानक. तिथून चालत नगरथपेटच्या गल्ल्यांत. इथले कारागीर माझे खडे बसवतात. आज गार्नेटचे सहा ओव्हल द्यायचे होते, सगळे ७ बाय ५.

हे माप ठरलेलं का, असं लोक विचारतात. ६ बाय ४, ७ बाय ५, ८ बाय ६, ९ बाय ७: दागिन्यांची घरं या मापांत आधी ओतून तयार असतात, आणि खडा त्यात बसायला लागतो. जयपूरहून येणारा बहुतेक माल या मापांचा असतो. हजारो कारागिरांचं पोट या मापांवर चालतं. पण दुर्मीळ खड्याला मापात कोंबू नये. ९.४ मिलिमीटरचा चांगला माणिक ९ वर आणायला घासणं मला पटत नाही; घर नव्यानं घडवता येतं, माणिक येत नाही.

बसवणाऱ्याची एकच तक्रार असते, काठ फार पातळ ठेवू नका. तीही खरी आहे. चार पंजे दाबताना सुरीसारखा काठ टचकन उडतो. जाड काठ मात्र पुन्हा वजन लपवायची जागा होतो. केसाइतका नको आणि दोऱ्याइतका नको, या दोहोंच्या मध्ये.

पीठ घेतलं.

साडेपाच

एक वहिनी आल्या होत्या, पुण्याहून लग्न होऊन इथे आलेल्या. मुलीच्या साखरपुड्यासाठी डायनासारखी अंगठी करायची आहे. हे मागणं नेहमीचं. १९८१ साली डायनाच्या बोटात आलेली ती १२ कॅरेटची श्रीलंकन नीलमाची ओव्हल अंगठी आज केटच्या बोटात आहे, आणि जगभरच्या सोनारांना तिनं काम दिलं आहे.

त्यांनी दुकानातून पसंतीसाठी एक नीलम आणला होता, सोबत प्रयोगशाळेचा दाखला. दाखला व्यवस्थित होता: नैसर्गिक, उष्णतेची प्रक्रिया केलेला. त्यात गैर काही नाही, बाजारातले बहुतेक नीलम तापवलेले असतात, फक्त ते सांगितलं गेलं पाहिजे. अशा तपासण्यांमध्ये आज रामन वर्णपटाचा मोठा वाटा आहे. चिरेत भरलेलं तेल किंवा काच, पोटातलं बारीक खनिज, हे खड्याला धक्का न लावता ओळखता येतं. या वर्णपटामागचा परिणाम १९२८ मध्ये कोलकात्याला शोधणारे चंद्रशेखर वेंकट रामन पुढे बंगळूरला आले आणि आमच्या मल्लेश्वरममध्ये राहिले. पंचवटी हे त्यांचं घर इथलंच. ओपल, मूनस्टोन, लॅब्राडोराइट यांच्यात रंग कसे खेळतात यावर त्यांनी उतारवयात मन लावून काम केलं. खड्याकडे बघण्यात आयुष्य घालवावं असं वाटायला मला त्यांच्याहून मोठा आधार लागत नाही.

पण दाखल्यात एक गोष्ट नसते: खडा पाडलाय कसा. मी वर्तमानपत्राचा तुकडा टेबलावर ठेवला आणि त्यावर खडा पालथा न घालता सरळ ठेवला.

“वहिनी, वरून बघा. अक्षरं दिसतात का?”

“अगदी मधोमध वाचता येतंय हो. ‘महापा’ एवढं दिसतंय.”

म्हणजे मध्ये मोठी खिडकी. दुकानातल्या दिव्यांच्या झोतात हे कळत नाही, कारण तिथे सगळंच चमकतं. खडा खोटा नव्हता, रंगही वाईट नव्हता. फक्त खालचे पैलू फार चपटे होते, तोंड मोठं दिसावं म्हणून. नव्यानं पाडला तर थोडा लहान होईल पण जागा होईल, असं सांगितलं. त्या खडा परत करून दुसरा बघणार आहेत. तोही योग्य निर्णय आहे.

सात

संध्याकाळी पैलू पाडत नाही, उजेड पिवळा पडतो. माणकाला तो उजेड मानवतो, नीलमाला नाही. झिलई मात्र चालते, तिला भिंग आणि एक दिवा पुरतो. नीलमाच्या खालच्या पैलूंना हिऱ्याच्या अतिबारीक पुडीनं कथलाच्या चकतीवर झिलई दिली. उद्या खडा दुसऱ्या काडीवर उलटा चढेल, मग वरचे पैलू आणि सगळ्यात शेवटी टेबल. शिकणाऱ्या मुलीचा ॲमेथिस्ट एका टोकाशी अजून मिळायचा आहे, तो ती तसाच काडीवर ठेवून गेली आहे.

रंगीत खडा घ्यायला जाणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. कॅरेट विचारा, दाखला बघा, पण त्याच्या आधी खडा दुकानाच्या दारात, सावलीतल्या उजेडात न्या. छापील कागदावर ठेवून मधून अक्षरं वाचता येतात का बघा. हातभर लांब धरून हलवा आणि मधला काळा पट्टा हलतो का बघा. मग आडवा धरून पोट किती खाली उतरलंय ते पाहा, आणि लांबी-रुंदीबरोबर खोलीचं मापही मिलिमीटरमध्ये लिहून मागा. चांगला दुकानदार ते आनंदानं देतो.